चेतातंतू तुटल्यावर होणारी स्नायूंची झीज आणि वार्धक्य

स्नायू स्वतःहून हलत नाही. मेरुरज्जूतील प्रेरक चेतापेशीपासून निघालेला तंतू स्नायूपर्यंत पोहोचतो आणि त्याच्या टोकाशी स्रवणाऱ्या असेटिलकोलिन या रसायनामुळे स्नायू आकुंचन पावतो. हा पुरवठा अपघाताने, मधुमेहाने, कुष्ठरोगाने किंवा बोलीत ज्याला ‘नस दबणे’ म्हणतात त्या कारणाने खंडित झाला, तर स्नायू केवळ लुळा पडत नाही, तो झिजू लागतो.

तुटलेल्या तंतूचा पेशीपासून विलग झालेला भाग नष्ट होतो, हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या चेतातंतूंवर प्रयोग करून दाखविले. संदेशाला मुकलेल्या स्नायूत प्रथिनांची घडण मंदावते, विघटन वाढते आणि काही आठवड्यांतच तो रोडावतो.

वार्धक्यात होणाऱ्या स्नायूंच्या ऱ्हासाला अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचविले. त्यामागचे एक कारण चेतासंस्थेतच आहे. साठीनंतर प्रेरक चेतापेशी लक्षणीय प्रमाणात घटतात. उरलेल्या पेशी नवे फाटे फोडून पोरक्या स्नायुतंतूंना आपल्या आश्रयाला घेतात. त्यामुळे पुष्कळ काळ ही हानी जाणवत नाही. परंतु भरपाईची ही शिल्लक त्यातच खर्च होत जाते. अशा देहात चेतातंतूला नवी इजा झाली, तर सावरण्यास आधार अपुरा पडतो. तंतूची वाढ मंदावलेली असते आणि स्नायूची दुरुस्ती करणाऱ्या उपग्रह पेशीही कमी झालेल्या असतात.

येथे काळाचे गणित निर्णायक ठरते. चेतातंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो. कोपराशी इजा झाल्यास ३० सेंटिमीटर दूर असलेल्या पंजातील स्नायूंपर्यंत पोहोचण्यास त्याला सुमारे १० महिने लागतात. वृद्धांत त्याहूनही अधिक. वर्ष-दीड वर्ष पुरवठ्याविना राहिलेल्या स्नायूच्या जागी मात्र मेद व तंतुमय ऊतक साठते. मग तंतू पोहोचला तरी बळ क्वचितच पूर्ववत होते.

नियमित व्यायाम व पुरेशी प्रथिने उरलेल्या स्नायूंचे बळ राखतात. तुटलेला तंतू त्यांनी जुळत नाही. म्हणून अंगठ्याच्या मुळाशी असलेला उंचवटा सपाट होणे, चालताना पाऊल लोंबणे किंवा एकाच हाताची पकड सैल होणे ही ‘वयाची खूण’ समजून सोडून देऊ नये. वृद्धाच्या बाबतीत दवडलेला प्रत्येक महिना अधिक महाग पडतो.