एकच पट्टी, दोन निकाल

वेस्टर्न ब्लॉटचा फोटो पहिल्यांदा पाहिला तर काही कळत नाही. राखाडी कागदावर काळसर पट्ट्या, बस्स. पट्टी जितकी गडद, तितकं ते प्रथिन जास्त. म्हणजे सगळी भिस्त शेजारच्या लेबलवर. लेबल बदललं की प्रयोगच बदलला.

पुण्यात २००६ मध्ये वाद पेटला तो अशाच पट्ट्यांवरून. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात (एनसीसीएस) एक निनावी ईमेल आला. आरोप असा की, डॉ. गोपाल कुंडू यांच्या गटाने 'जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्री' या अमेरिकी नियतकालिकात छापलेल्या शोधनिबंधात आधीच्याच निबंधातल्या पट्ट्या नव्या लेबलांखाली वापरल्यात. कुंडूंना २००४ चं भटनागर पारितोषिक मिळालेलं; त्यांनी आरोप नाकारला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे माजी संचालक जी. पद्मनाभन यांच्या समितीने पट्ट्या तपासल्या आणि फेरफार झालेला नाही असं सांगितलं.

जर्नलला ते पटलं नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये त्यांनी २००५ चा तो निबंध मागे घेतला.

मागे घेतला म्हणजे पुसला नाही. आम्ही कोडमधला चुकीचा बदल उलटवतो, तरी इतिहासात तो दिसत राहतो, तसंच हे. निबंध जागेवर राहतो, वर शिक्का बसतो.

मग खरं कोणाचं? 'सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज' ही शास्त्रज्ञांचीच संघटना पद्मनाभन समितीच्या विरोधात गेली. २०१० मध्ये भारतीय विज्ञान अकादमीने कुंडूंना तीन वर्षं आपल्या उपक्रमांतून दूर ठेवलं. निनावी ईमेलपासून इथवर चार वर्षं गेली. आणि एवढं होऊनही, ज्याचा शब्द सगळ्यांनी अखेरचा मानावा असं कोणी आपल्याकडे नव्हतंच. अमेरिकेत सरकारी पैशावरच्या वैद्यकीय संशोधनातल्या लबाडीसाठी १९९२ पासून वेगळं कार्यालय आहे. आपल्याकडे चौकशी पहिल्यांदा करते ती संस्थाच, आणि नाव जाणार असतं तेही तिचंच. त्या प्रयोगशाळेत पीएचडी करणाऱ्या मुलाने तोंड उघडायचं तर कोणासमोर? ईमेल निनावी का होता, याचं मला तरी नवल वाटत नाही.

यूजीसीने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याचे नियम आणले. त्यात टक्केवारी आहे: १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, ६० च्या वर गेलं तर पीएचडीची नोंदणीच रद्द. मजकुराचं साम्य सॉफ्टवेअर मोजून देतं. उलटी फिरवून दुसऱ्या नावाने चिकटवलेली पट्टी त्या टक्क्यांत येत नाही.