डेटाबेसमधील व्यवहार : ‘सेव्ह’ आणि ‘डिलीट’ यांची हद्द

एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ५०० रुपये वळवणे हे खातेदाराच्या दृष्टीने एकच काम. डेटाबेसमध्ये मात्र त्या दोन नोंदी असतात. पहिली होताच वीज गेली तर रक्कम अधांतरी राहील. म्हणून अशा नोंदी एका व्यवहारात, म्हणजे ट्रान्झॅक्शनमध्ये, बांधतात. सर्व पार पडल्या की ‘कमिट’. एकही अडली की ‘रोलबॅक’ आणि सारे पूर्ववत. बदल आधी लॉगमध्ये लिहिलेला असल्यामुळे यंत्र पुन्हा सुरू होताच अपुरे काम उलटवता येते. या विषयाचा पाया घालणाऱ्यांत अग्रणी असलेल्या जिम ग्रे यांना १९९८चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

व्यवहार कोठे सुरू करावा आणि कोठे संपवावा, हे ठरवताना मात्र रचनाकार हमखास चुकतात. बिलाचा मथळा एका कमिटने आणि त्यातील ओळी दुसऱ्या कमिटने जतन केल्या, तर मध्येच बिघाड होऊन ओळींविना बिल उरते. उलट, फॉर्म उघडताच व्यवहार सुरू केला आणि कारकून चहाला गेला, तर त्याने अडवलेल्या नोंदींसाठी बाकीचे ताटकळतात. (चहाची सुट्टी कोणत्याही आराखड्यात धरलेली नसते.) त्यामुळे फॉर्म भरताना व्यवहार उघडू नये, ‘सेव्ह’ दाबल्यावरच तो उघडून लगेच संपवावा. दरम्यान दुसऱ्याने तीच नोंद बदलली का, हे आवृत्तिक्रमांक ताडून कळते.

‘डिलीट’ अधिक नाजूक. ग्राहकाची नोंद पुसताना तिच्यावर अवलंबून असलेली बिलेही आपोआप पुसली जावीत, अशी सोय डेटाबेसमध्ये असते. हिशेबाच्या कामात ती घातकच. रोजकीर्दीत चुकीची रक्कम खोडत नाहीत, उलट नोंद करतात. त्याच न्यायाने ग्राहक ‘रद्द’ अशी खूण करून ठेवणे श्रेयस्कर.

कमिटनंतर रोलबॅक नाही. उलट नोंद हाच मार्ग. एटीएममध्ये खात्यातून रक्कम वजा झाली, पण नोटा आल्याच नाहीत, तर बँकेला ती परत जमा करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या परिपत्रकाने त्यासाठी व्यवहारानंतर पाच दिवसांची मुदत घातली असून, त्यापुढील विलंबाबद्दल खातेदाराला दररोज १०० रुपये भरपाई द्यावी लागते.