हजेरीपटावर कोणाचें नांव?

पटावर नांव घालणें व हजेरी मांडणें हें आम्हां मास्तरांचें रोजचें काम. परंतु पटावर नांव कोणाचें यावें, यासाठीं पुण्यांत मोठें रण माजलें होतें.

गोपाळ कृष्ण गोखले हे येथील न्यू इंग्लिश स्कूलांतले शिक्षक. १६ मार्च १९११ रोजीं त्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांस हजेरी सक्तीची. मुलींचा विचार मागाहून. शिवाय स्थानिक संस्थेनें इच्छा धरावी व सरकारनें संमति द्यावी, इतकी ती सक्ती सौम्य! तरीही मार्च १९१२ मध्यें १३ विरुद्ध ३८ मतांनीं बिल फेटाळलें गेलें.

१९१८ सालीं विठ्ठलभाई पटेल यांच्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील नगरपालिकांस सक्तीची मुभा मिळाली, आणि पुण्यांत वाद पेटला. तिजोरींत पैसा नाहीं, म्हणून आधीं मुलगे, असें टिळकपक्षाचें म्हणणें. १९२० सालीं रमाबाई रानडे यांनीं स्त्रियांची मिरवणूक काढून मुलींसाठींही तोच नियम मागितला.

पैशाची अडचण खोटी नव्हती. पण हात आखडतांना नेमकें मुलींचेंच नांव खोडावें, हा हिशेब मला कधींच पटला नाहीं. आणि तोहि त्या शहरांत, जेथें १८४८ सालीं भिडे वाड्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांनीं मुलींची शाळा काढली होती!

२००९ च्या कायद्यांत वय सहा ते चौदा आहे. ‘बालक’ या शब्दाची व्याख्या करतांना तेथें मुलगा व मुलगी दोघांचाहि स्पष्ट उल्लेख केला आहे.