दमा व सीओपीडी यांचे दीर्घकालीन निरीक्षणात्मक संशोधन

दमा आणि दीर्घकालीन अवरोधी फुप्फुसविकार (सीओपीडी) असलेल्या किंवा नसलेल्या व्यक्तींच्या प्रकृतीची अनेक वर्षे नोंद ठेवणाऱ्या अभ्यासाला दीर्घकालीन निरीक्षणात्मक संशोधन म्हणतात. यात संशोधक उपचार ठरवत नाहीत. लक्षणे, श्वसनक्षमता, औषधे व परिसर यांची ठरावीक अंतराने नोंद घेतात.

स्वरूप

दम्यात श्वासनलिकांचे आकुंचन बहुधा कमी-अधिक होते व उपचारांनी बरेचसे पूर्ववत होते. सीओपीडीमधील अडथळा मात्र कायमचा असून सहसा वाढत जातो. दोन्हींत धाप, खोकला व घरघर आढळते. त्यामुळे स्पायरोमेट्री न केल्यास सीओपीडीचा रुग्णही ‘दमेकरी’ समजला जाऊ शकतो. काही रुग्णांत दोन्ही आजार एकत्र असतात. एकदाच केलेल्या सर्वेक्षणातून आजाराचे प्रमाण कळते. श्वसनक्षमता किती वेगाने घटते हे कळण्यासाठी त्याच व्यक्तींची पुनःपुन्हा तपासणी आवश्यक ठरते.

प्रमुख अभ्यास

फ्लेचर व पेटो यांनी लंडनमधील पुरुषांच्या आठ वर्षांच्या निरीक्षणांवर आधारित निष्कर्ष १९७७ मध्ये मांडले. धूम्रपान सोडल्यास गेलेली श्वसनक्षमता परत येत नाही, परंतु पुढील घट मंदावते, असे त्यातून दिसले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लांगे व सहकाऱ्यांच्या विश्लेषणानुसार, सीओपीडी झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या व्यक्तींची श्वसनक्षमता तरुणपणीच कमी होती. बालपणातील आरोग्याचे महत्त्व यामुळे अधोरेखित झाले. ‘नॉव्हेल्टी’ या अभ्यासात १८ देशांतील ११,२४३ रुग्णांचा समावेश झाला. त्यांपैकी १,३९६ जणांना दोन्ही आजारांचे निदान झालेले होते.

महाराष्ट्र

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लालबाग, चेंबूर, खार व एका ग्रामीण भागातील रहिवाशांचा हवाप्रदूषणाच्या संदर्भात पाठपुरावा केला. सल्फर डायऑक्साइड अधिक असलेल्या वस्तीत धाप व जुनाट खोकला जास्त आढळला. पुणे जिल्ह्यातील वढू परिसरात के. ई. एम. रुग्णालय संशोधन केंद्राने २००२ पासून लोकसंख्या व आरोग्याची सातत्याने नोंद ठेवली आहे. अशी नोंद दीर्घ पाठपुराव्याचा पाया ठरते. डॉ. संदीप साळवी व पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधील लेखात धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीकडे लक्ष वेधले, चुलीचा धूर हे त्याचे मोठे कारण मानले जाते.

कोल्हापूरच्या संदर्भात

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांत कोल्हापूरचा समावेश आहे. जिल्ह्यात शिरोली व गोकुळ शिरगाव येथे फाउंड्री उद्योग असून गुऱ्हाळांत चुलाणासाठी उसाचे चिपाड जाळले जाते. ओतकामातील सिलिकायुक्त धूळ, गुऱ्हाळाचा हंगामी धूर आणि घरातील चूल यांचा परिणाम वर्षानुवर्षे साचत जातो. म्हणून येथील कामगार व गृहिणींच्या बाबतीत एका वेळच्या तपासणीपेक्षा व्यवसाय, इंधन व हंगाम नोंदवणारा दीर्घ पाठपुरावा अधिक उपयुक्त ठरतो.

मर्यादा

निरीक्षणातून संबंध दिसतो. कार्यकारणभाव सिद्ध करणे कठीण असते. स्थलांतर, मृत्यू व मध्येच सहभाग सोडणे यांमुळे निष्कर्ष एकांगी होऊ शकतात. तथापि धूर व धुळीच्या संपर्कात लोकांना मुद्दाम ठेवणे अनैतिक असल्याने, त्यांचे दूरगामी दुष्परिणाम अभ्यासण्याचा हाच प्रमुख मार्ग आहे.