पूर ओसरल्यावर



नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला पावसाचा एक स्वभाव चांगला ठाऊक असतो. एखाद्या दिवशी तो असा कोसळतो की ओढा दुथडी भरून वाहू लागतो. आणि चार दिवसांनी पाहावं तर पात्रात नुसती वाळू! ते पाणी बांध घालून अडवलं आणि जमिनीत मुरू दिलं, तरच पुढे विहिरीचा झरा टिकतो.

धर्मजीवनातल्या जागृतीचंही असंच आहे. मन हेलावतं, डोळे भरून येतात, नवे संकल्प होतात. पण पूर ओसरल्यावर काय उरतं? या प्रश्नाला मराठी ख्रिस्ती समाजाने दिलेलं उत्तर एका शब्दात सांगता येईल: पवित्र शास्त्र. मात्र ते कपाटात बांधून ठेवलेलं नव्हे, तर रोज जिभेवर असलेलं.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरला आले. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे पत्र इथेच निघालं. पुढे खेड्यापाड्यांतून जे लोक ख्रिस्ती झाले, त्यांत महार-मांग समाजातले पुष्कळ होते, आणि शाळेचं दार त्यांना पिढ्यान् पिढ्या बंद होतं. ज्याला अक्षरओळख नाही, त्याने शास्त्र वाचायचं कसं? मिशनने शाळा काढल्या हे खरंच. पण दुसरा मार्ग इथल्या मातीतूनच निघाला. नगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्तचरित्र कीर्तनातून सांगायला सुरुवात केली. टाळमृदंगाच्या साथीने ऐकलेली कथा माणूस घरी घेऊन जातो. शेतात काम करतानाही ती त्याच्या ओठांवर येते. ज्या जिल्ह्यातल्या नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला, तिथे हा मार्ग कुणाला परका वाटावा?

रेव्हरंड नारायण वामन टिळक याच मार्गाने पुढे गेले. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. तो वाचता वाचता येशूच्या डोंगरावरील प्रवचनाशी ते अडले, आणि तिथून त्यांना मागे फिरवेना. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. नंतरची बरीच वर्षं त्यांनी नगरला काढली. त्यांनी शास्त्रातला आशय अभंगांत आणि भजनांत उतरवला. ती भजनं मराठी मंडळ्यांच्या उपासनेत आजही म्हटली जातात.

नगरहून दौंडमार्गे पुण्याकडे निघालं की केडगाव स्टेशन लागतं. तिथल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात १९०५ साली मोठी जागृती झाली. शेकडो मुली प्रार्थनेत रडल्या, आपली पापं त्यांनी उघड कबूल केली. रमाबाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. त्याच सुमारास त्यांनी हाती घेतलेलं काम होतं बायबलच्या भाषांतराचं: मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून, साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत. हे काम १९२२ पर्यंत, त्यांच्या मृत्यूपर्यंत चाललं. सदनातल्याच स्त्रियांनी त्याचे खिळे जुळवले. जागृती काही दिवसांची; तिच्यामागे हे कष्ट मात्र वर्षानुवर्षांचे!

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जुन्या धर्मकल्पनांचा वास येणारे शब्द रमाबाईंनी कटाक्षाने गाळले. उलट टिळकांनी संतांचा अभंग मोठ्या प्रेमाने जवळ केला. दोघांच्या वाटा भिन्न. यांपैकी कोणती बरोबर, हा वाद आजही घालता येईल. परंतु शास्त्र सामान्य माणसाच्या रोजच्या बोलण्यात आलं नाही तर धर्म वरवरचा राहतो, याविषयी दोघांचं एकमत होतं.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. शाळेचं शिक्षण नाही. लिहावाचायला घरीच शिकल्या. १९१९ साली पती गेले, तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. लक्ष्मीबाईंनी चौसष्ट अध्याय लिहून ते पुरं केलं. शुभवर्तमानांकडे पुन्हा पुन्हा वळल्यावाचून असं काम होत नाही. दुःखाच्या काळात माणसाला उभं ठेवणारी शक्ती अशा नित्याच्या सहवासातूनच येत असावी.

आता कुणी म्हणेल, रोजच्या वाचनाचा रिवाज होतो, आणि रिवाजात जीव राहत नाही. आक्षेप खोटा नाही. ओळीवरून डोळा फिरतो आणि मन बाजारात असतं, असं घडतंच. त्यावर या मंडळींचा उपाय साधा होता. वाचलेलं गायचं, गायलेलं दुसऱ्याला सांगायचं, आणि सांगितलेलं आपल्या वागण्यात कुठे अडतं ते पाहायचं. डोंगरावरील प्रवचनात शत्रूवर प्रीती करायला सांगितलं आहे. ते वाचून झाल्यावर शेजाऱ्याशी असलेला बांधाचा तंटा आठवला नाही, तर वाचन अजून पुरं झालेलं नाही, एवढं समजावं.