जमिनीच्या कज्ज्यांत घडलेला अपघाताचा वकील

अलिबाग, पनवेल किंवा माणगावच्या कोर्टात मोटार अपघाताचा दावा चालवणारा वकील कुठून आला, असे विचारले तर बहुतेक जण मुंबईकडे बोट दाखवतात. विमा कंपन्या मुंबईत, मोठी रुग्णालये मुंबईत, तेव्हा नुकसानभरपाईची वकिलीही तिथूनच खाडी ओलांडून आली असणार, असा हा तर्क आहे. मला तो अर्धाच पटतो. कायदा मुंबईमार्गे आला, हे खरे. पण तो वापरण्याचा हात, म्हणजे कागद जमवण्याची सवय, निरक्षर अशिलाचे उत्पन्न सिद्ध करण्याची युक्ती, वारस शोधून त्यांना एका दाव्यात बांधण्याची चिकाटी, हे सारे रायगडच्या किनाऱ्यावर जमिनीच्या कज्ज्यांत तयार झाले. इथल्या अपघात-वकिलाचा पूर्वज विम्याच्या कचेरीत शोधण्यापेक्षा कूळ, खोत आणि भूसंपादन यांच्या फायलींत शोधावा, असे माझे म्हणणे आहे.

आधी वकिलाची नड किती होती ते पाहू. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या काळी मृताच्या वारसांच्या हाती कायदा होता तो 1855 चा प्राणघातक अपघातांचा. त्याखाली साधा दिवाणी दावा लावायचा, मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी भरायची आणि समोरच्याचा निष्काळजीपणा स्वतः सिद्ध करायचा. 1908 च्या मुदतीच्या कायद्याने त्यासाठी दिलेला अवधी अवघा एक वर्षाचा होता. ज्या घरातला कमावता गेला त्या घराने आधी फीचे पैसे उभे करावेत, अशी ही व्यवस्था होती. अशा दाव्यांवर कोणाही वकिलाची चूल पेटणे शक्य नव्हते. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातल्या सनदी प्लीडरचे पोट भरत होते ते खोती, गहाण, वाटप आणि खारजमिनींच्या वादांवर. 1933 च्या ऑक्टोबरात चरीच्या परिसरातल्या पंचवीस गावांतील कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला, तो 1939 पर्यंत चालला. जमीन कसणाऱ्याचे नाव कागदावर नाही, हे त्या संपामागचे मूळ दुखणे होते. महाडच्या चवदार तळ्याचा दावाही आठवावा. 12 डिसेंबर 1927 ला तो महाडच्या कोर्टात दाखल झाला आणि 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयात संपला. माणुसकीवर झालेला घाव हा त्या वादाचा गाभा होता. तरी कोर्टात प्रश्न उभे राहिले ते तळे नगरपालिकेचे की आजूबाजूच्या घरवाल्यांचे, आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी खरोखर फार जुनी आहे का, हे. बॅरिस्टर आंबेडकरांसारख्या कायदेपंडितालाही या जिल्ह्यात मालकी आणि वहिवाटीच्या वाटेनेच न्यायापर्यंत जावे लागले.

पुढची पिढी याच वाटेवर वाढली आणि तिथे मला पुराव्याचा सर्वांत भक्कम भाग दिसतो. नारायण नागूंचे पुत्र दत्ता पाटील वकील झाले. जासईचे दि. बा. पाटीलही वकीलच. दोघेही शेतकरी कामगार पक्षाचे, दोघेही विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. आज अलिबागचे विधी महाविद्यालय दत्ता पाटलांच्या नावाने चालते. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातील पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. मग न्हावा-शेवा बंदर आले. 1984 च्या 16 आणि 17 जानेवारीला उरण तालुक्यात जमिनीच्या भावासाठी उतरलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच जण हुतात्मा झाले. दि. बां.च्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. रस्त्यावरच्या या लढ्याला जोडूनच कोर्टातली एक वाट होती. भूसंपादन अधिकाऱ्याचा निवाडा मान्य नसेल तर 1894 च्या कायद्याच्या कलम 18 खाली संदर्भ मागायचा आणि वाढीव मोबदल्यासाठी जिल्हा न्यायालयात उभे राहायचे. हे काम करणाऱ्या वकिलाला सातबारा नुसता वाचून भागत नसे. पीकपाहणीच्या रकान्यात कोणाचे नाव आहे, कोणत्या फेरफाराने बहिणींची नावे गळाली, शेजारच्या गावातले कोणते खरेदीखत भावाचा दाखला म्हणून चालेल, हे त्याला पाठ असावे लागे. भाताचे किंवा मिठागराचे वर्षाचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याला ठरावीक वर्षांनी गुणायचे, ही मोबदला काढण्याची एक रूढ पद्धत होती.

अपघाताच्या दाव्यातले गणित नेमके हेच आहे. 1956 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात दावा न्यायाधिकरणांची तरतूद आली आणि वारसांच्या डोक्यावरचा दिवाणी दाव्याचा बोजा उतरला. भरपाई मोजण्याची गुणकाची रीत सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये सुसम्मा थॉमस निकालात पक्की केली, 2009 च्या सरला वर्मा निकालात तिचा तक्ता दिला आणि 2017 च्या प्रणय सेठी निकालात भावी उत्पन्नवाढीची टक्केवारी ठरवून दिली. माणसाचे वार्षिक उत्पन्न घ्या, त्याचा स्वतःचा खर्च वजा करा, वयाप्रमाणे गुणा. समजा, बत्तीस वर्षांचा एक खलाशी महामार्गावर ट्रकखाली गेला. मागे बायको, दोन मुले आणि आई. महिन्याचे उत्पन्न 12,000 रुपये मानले गेले तर त्यात 40 टक्के भावी वाढ धरून 16,800 होतात. चौघे अवलंबून म्हणून एक चतुर्थांश वजा केला की 12,600 उरतात, म्हणजे वर्षाचे 1,51,200. या वयाचा गुणक 16, तेव्हा भरपाई 24,19,200 रुपये. न्यायाधिकरणाने उत्पन्न 8,000 च धरले तर हाच आकडा 16,12,800 वर येतो. आठ लाखांच्या आसपासचा हा फरक कायद्याच्या कलमाने पडत नाही, पुराव्याने पडतो. खलाशाला पगारपत्रक नसते. त्याला मिळतो तो वाटा. विक्रीतून डिझेल आणि बर्फाचा खर्च वळता होतो, मग नौकामालक, तांडेल आणि खलाशी यांचे वाटे पडतात. जून आणि जुलै मासेमारी बंद असते, आणि विमा कंपनीचा वकील नेमके त्या दोन महिन्यांवर बोट ठेवतो. सोसायटीच्या नोंदी, डिझेलचा कोटा, नौकामालकाची साक्ष, बंदीच्या काळात केलेली शेतमजुरी, हे सारे जोडून उत्पन्न उभे करणे म्हणजे सातबाऱ्यावर नाव नसलेल्या कुळाचा कब्जा सिद्ध करण्यासारखेच काम आहे. ज्याने एक केले त्याला दुसरे शिकवावे लागत नाही.

यावर कोणी म्हणेल की कारखाने विसरलात. थळचा खत कारखाना, नागोठण्याचे पेट्रोकेमिकल संकुल, तळोजे, पाताळगंगा आणि महाडच्या औद्योगिक वसाहती, इथे माणसे जखमी झाली, मेली; 5 नोव्हेंबर 1990 ला नागोठण्यातील स्फोटात तिसाहून अधिक जीव गेले. तिथली भरपाई कामगार कायद्याची, तिचा जमिनीशी काय संबंध? आक्षेप वजनदार आहे आणि त्यातला एक भाग मी मान्य करतो. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचे कलम 24 आयुक्तांपुढे वकिलाप्रमाणेच नोंदणीकृत संघटनेच्या पदाधिकाऱ्यालाही उभे राहू देत होते. त्यामुळे या वाटेने दुसऱ्या घडणीची माणसेही आली, युनियनच्या कार्यालयात कायदा शिकलेली. पण संघटनेचे छत्र कायम कामगाराला होते. कंत्राटी मजूर, जमीन देऊन प्रकल्पग्रस्त म्हणून लागलेला हेल्पर, ट्रकचा क्लीनर, हे त्या छत्राबाहेर राहत आणि जात ते आपल्या ओळखीच्या वकिलाकडे. ती ओळख बहुधा जमिनीच्या फायलीतली असे. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाने तर हे नाते अगदी उघडे केले: ज्या रस्त्यासाठी घराची जमीन गेली त्याच रस्त्यावर घरातला माणूस गेला, तर दोन्ही दाव्यांचे कागद एकाच पिशवीतून कोर्टात येतात.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. जमिनीच्या वकिलीतून कौशल्य आले तसे दोषही आले, असे म्हणतात. वाढीव मोबदल्यात टक्केवारी मागण्याची रीत अपघाताच्या दाव्यांतही शिरली. बार कौन्सिलचे नियम दाव्याच्या निकालावर अवलंबून फी ठरवायला मनाई करतात, तरी अशा व्यवहारांची कुजबूज थांबलेली नाही. हा दोष खरा आहे आणि त्याचा भार विधवा आणि अनाथ मुलांवर पडतो, म्हणून तो अधिक वाईट आहे. त्यावर उपाय म्हणून मुंबईच्या मोठ्या कचेऱ्या सुचवल्या जातात, तो मात्र मला पटत नाही. मुंबईचा वकील नियम अधिक काटेकोर पाळेलही, पण मुरुड किंवा श्रीवर्धनच्या बंदरावरचा वाटा कसा पडतो हे त्याला कोण सांगणार? त्याच्या हातून उत्पन्नाचा आकडा खाली आला तर अशिलाचे नुकसान टक्केवारीहून कमी नसेल. अलिबागच्या विधी महाविद्यालयाने सातबारा, नौकेचे वाटे आणि गुणकाचा तक्ता एकत्र शिकवावा आणि जिल्ह्याच्या वकील संघांनी फीचा लेखी करार सक्तीचा करावा, हे दोन्ही इथेच करता येण्यासारखे आहे.

वाचकांपैकी कोणाच्या घरावर असा प्रसंग आलाच, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 1994 च्या दुरुस्तीने अपघाताच्या दाव्याची मुदत काढून टाकली होती. 1 एप्रिल 2022 पासून ती सहा महिन्यांची म्हणून पुन्हा आली आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या निकालाच्या भरवशावर थांबू नये. बाराव्या-तेराव्याचे विधी उरकताच वारसाचे कागद, उत्पन्नाच्या नोंदी आणि पंचनाम्याची प्रत घेऊन वकिलाकडे जावे आणि फी काय ती पहिल्याच दिवशी लिहून घ्यावी.