आकड्यांत लपलेली बादली

लेखाची सुरुवात एका कोड्याने करू. कागद, पेन्सिल आणि शाळेतला नकाशासंग्रह एवढे साहित्य पुरे.

१. खगोलीय उत्तर ध्रुव जिथून क्षितिज आणि माथ्यावरचा बिंदू यांच्या बरोबर मध्यावर दिसतो, ते अक्षवृत्त शोधा. तिथून सरळ उत्तरेला १७.४६० सागरी मैल जा.

२. आता या नव्या अक्षवृत्तावर असे ठिकाण शोधा की, ग्रिनिचच्या माध्यान्हानंतर ८ तास, ९ मिनिटे आणि ३९.२ सेकंदांनी तिथे माध्यान्ह होते. (सूर्य वर्षभर एकसारख्या गतीने फिरतो असे धरावे.)

३. या ठिकाणी ३ मे २००० रोजी एका गृहस्थाने एक बादली लपवून ठेवली. तिथे पोहोचल्यावर ती किती मोठ्या जागेत शोधावी लागेल?

कोडे आम्ही रचलेले आहे. जागा, तारीख आणि बादली मात्र खरी आहे. जगभर जिओकॅशिंग या नावाने जो खेळ खेळला जातो, त्याचा आरंभ या बादलीने झाला. कोणीतरी एक डबी कुठेतरी लपवायची, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि इतरांनी ती शोधून आतल्या वहीत नाव लिहून यायचे, असा हा खेळ. त्याच्या एका प्रकारात खरे अक्षांश-रेखांश थेट दिलेले नसतात. वरच्यासारखे कोडे सोडवावे तेव्हा ते हाती येतात. अशा कोड्यात भूगोल असला की तो मोठा मौजेचा होतो. कारण एकेक आकडा मिळवताना त्या आकड्यामागचा इतिहासही उलगडत जातो.

पहिला आकडा सोपा आहे. खगोलीय ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजेच त्या ठिकाणचा अक्षांश. विषुववृत्तावर तो क्षितिजाला टेकलेला असतो, उत्तर ध्रुवावर बरोबर माथ्यावर. मध्यावर म्हणजे ४५ अंशांवर. अक्षांशाच्या एका मिनिटाचे, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचे, जमिनीवरचे अंतर म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. म्हणून आपण ४५ अंश १७.४६० मिनिटे उत्तर या अक्षवृत्तावर, ४५ अंशांच्या रेषेच्या सुमारे ३२ किलोमीटर उत्तरेला आलो.

आकाश निरभ्र असेल तर हे मोजमाप कोणालाही करता येते, आणि शेकडो वर्षांपासून दर्यावर्दी ते करीत आले आहेत. पण ध्रुवतारा अगदी ध्रुवबिंदूवर नाही. आज तो त्यापासून पाऊण अंशाहून थोडा कमी दूर आहे आणि दिवसभरात त्या बिंदूभोवती एक लहान फेरी मारतो. ही दुरुस्ती न करता केलेले निरीक्षण साठ-सत्तर किलोमीटरांनी चुकू शकते. म्हणजे हाती आलेल्या आकड्याभोवती एक वर्तुळ काढावे लागते: आपण या वर्तुळात कुठेतरी आहोत, याहून अधिक काही सांगता येत नाही. हे वर्तुळ लक्षात ठेवावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

दुसरा आकडा फार अवघड होता. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका तासात १५ अंश आणि ४ मिनिटांत १ अंश. तेव्हा दोन ठिकाणांच्या स्थानिक वेळांतला फरक म्हणजेच त्यांच्या रेखांशांतला फरक. ८ तासांचे १२० अंश, ९ मिनिटांचे २ अंश १५ मिनिटे, ३९.२ सेकंदांची ९.८ मिनिटे. बेरीज १२२ अंश २४.८ मिनिटे. माध्यान्ह ग्रिनिचनंतर होते, म्हणून पश्चिम. नकाशासंग्रहात बोट ठेवले की ते अमेरिकेच्या पश्चिमेकडील ओरेगॉन राज्यात, पोर्टलंड शहराच्या दक्षिणेस, बीव्हरक्रीक गावाजवळ येते.

आपल्याला ही बेरीज दोन ओळींत जमली, कारण ग्रिनिचची वेळ आपल्याला कोणीतरी सांगितली. ती सांगणारा कोणी नसेल तर काय करायचे, हा प्रश्न फार जुना आहे. भारतीय ज्योतिषात लंका, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी रेषा शून्य मानत. चंद्रग्रहण उज्जयिनीस केव्हा लागेल हे गणिताने काढायचे, आपल्या गावी ते प्रत्यक्ष केव्हा लागले ते पाहायचे आणि दोन वेळांच्या फरकावरून ‘देशांतर’ काढायचे, अशी रीत सिद्धान्तग्रंथांत सांगितली आहे. कल्पना पूर्ण बरोबर आहे; अडचण अचूकतेची. ग्रहण लागल्याचा क्षण पाव तासाने चुकला तर जागा पावणेचार अंशांनी सरकते, आणि विषुववृत्तावर हे अंतर चारशे किलोमीटरांहून अधिक भरते. शिवाय ग्रहण काही रोज लागत नाही.

जमिनीवर अशी चूक खपून जाते. समुद्रावर ती जीव घेते. ऑक्टोबर १७०७ मध्ये ब्रिटिश आरमाराचा एक ताफा जिब्राल्टरहून मायदेशी परतत होता. आपण कुठे आहोत याचा अंदाज चुकला आणि सिली बेटांच्या खडकांवर आपटून चार जहाजे बुडाली. चौदाशेहून अधिक माणसे मेली. या दुर्घटनेची आठवण ताजी असतानाच, १७१४ मध्ये, ब्रिटिश पार्लमेंटने समुद्रावर रेखांश काढण्याच्या रीतीसाठी मोठे बक्षीस जाहीर केले. अर्ध्या अंशाच्या आत उत्तर देणाऱ्यास वीस हजार पौंड मिळणार होते. अर्धा अंश म्हणजे विषुववृत्तावर सुमारे ५५ किलोमीटर. एवढ्या मोठ्या वर्तुळासाठी एवढे मोठे बक्षीस, यावरून त्या वेळच्या अगतिकतेची कल्पना यावी.

हा प्रश्न अखेर सुतारकाम शिकलेल्या जॉन हॅरिसन या घड्याळजीने सोडवला. जहाजाचे हेलकावे, ऊन, थंडी, दमट हवा यांना दाद न देणारे घड्याळ बरोबर नेले की मूळ ठिकाणची वेळ सतत हाताशी राहते, हा त्याचा मार्ग. त्याचे चौथे घड्याळ १७६१ च्या नोव्हेंबरमध्ये जमैकाच्या सफरीवर निघाले. त्याची नेहमीची चाल हिशेबात घेता ८१ दिवसांत ते अवघे ५ सेकंद मागे पडले होते. ५ सेकंद म्हणजे रेखांशाचे सव्वा मिनिट, जमैकाच्या अक्षांशावर दोन-सव्वादोन किलोमीटर. वर्तुळ पन्नास किलोमीटरांवरून दोनांवर आले होते.

तरीही आपल्या कोड्यात एक गोष्ट आपण न विचारता मान्य केली: मोजायचे ग्रिनिचपासून. विषुववृत्त निसर्गानेच ठरवून दिले आहे. शून्य रेखावृत्त मात्र माणसांना आपापसांत ठरवावे लागते. उज्जयिनी, पॅरिस, ग्रिनिच असे निरनिराळे शून्य निरनिराळ्या लोकांनी वापरले. ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथे २५ देशांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांपैकी २२ देशांनी ग्रिनिचच्या बाजूने मत दिले. फ्रान्स तटस्थ राहिला. त्या वेळी जगातील बहुतेक जहाजे ग्रिनिचवर आधारलेले नकाशे वापरीत होती, हे ग्रिनिचचे खरे बळ होते.

कोडी सोडवणाऱ्यांना चकवणारी एक मौज इथेच दडलेली आहे. आज ग्रिनिचच्या वेधशाळेत जाऊन त्या प्रसिद्ध रेषेवर जीपीएस यंत्र घेऊन उभे राहिले, तर यंत्र शून्य रेखांश दाखवत नाही. शून्यासाठी सुमारे १०२ मीटर पूर्वेला चालत जावे लागते. यात यंत्राचा दोष नाही. जुन्या दुर्बिणीची उभी दिशा त्या जागेच्या गुरुत्वाकर्षणावरून, म्हणजे एका अर्थी ओळंब्यावरून, ठरवलेली होती. ओळंबा आसपासच्या जमिनीखालील वस्तुमानाच्या कमीजास्तपणामुळे किंचित कलतो आणि पृथ्वीच्या केंद्राकडे अगदी अचूक रोखलेला नसतो. उपग्रहांची पद्धत केंद्रापासून मोजते. भारतातही हीच गोष्ट अनुभवास येते. सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत. त्यांवरून वाचलेले अक्षांश-रेखांश जीपीएस यंत्रात जसेच्या तसे घातले तर आपण भलत्याच झुडपात डबी शोधत बसतो. आकडा कोणत्या मोजणीतला, हे सांगितल्याशिवाय तो आकडा अपुरा असतो.

आता तिसरा प्रश्न. बादली किती जागेत शोधायची?

जीपीएस ही अमेरिकी सैन्यदलाची व्यवस्था. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला गेला आणि १९९५ मध्ये ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपापली वेळ प्रसारित करतात. ती संदेशलहरी आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढले जाते. तीन उपग्रहांवरून जागा मिळते आणि चौथ्यावरून आपल्या हातातल्या यंत्राच्या घड्याळाची चूक सुधारली जाते. म्हणजे हॅरिसनचेच घड्याळ, फक्त आकाशात नेऊन बसवलेले. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो, तेव्हा घड्याळाकडून काय अपेक्षा आहे ते उघड आहे. सापेक्षतेमुळे ही उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. याची दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात अकरा किलोमीटरांची चूक साचेल.

१ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियाचे प्रवासी विमान पाडले गेले आणि २६९ माणसे प्राणास मुकली. त्यानंतर लवकरच अमेरिकेने ही व्यवस्था नागरी वापरासाठीही खुली राहील असे जाहीर केले. खुली झाली, पण पूर्ण नाही. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे, जेणेकरून शत्रूला तिचा उपयोग होऊ नये. त्यामुळे जागा शंभर मीटरांपर्यंत चुकू शकत असे. १ मे २००० च्या रात्री, अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने, ही मिसळ थांबवली गेली आणि जगभरच्या यंत्रांची अचूकता एका रात्रीत सुमारे दहापट वाढली.

दहापट म्हणजे शोधणाऱ्याच्या दृष्टीने किती, हा नववीच्या भूमितीचा प्रश्न आहे. शंभर मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ३१,४१६ चौरस मीटर, म्हणजे तीन हेक्टरांहून अधिक. झाडीझुडपांच्या एवढ्या जागेत एक बादली शोधायची तर दिवस जाईल आणि ती सापडेल याचा भरवसा नाही. दहा मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ फक्त ३१४ चौरस मीटर, एखाद्या शाळेच्या सभागृहाएवढे. त्रिज्या दहापट घटली की क्षेत्रफळ शंभरपट घटते. जे काम काल जवळजवळ अशक्य होते, ते आज तासाभराचे झाले.

डेव्ह अल्मर या गृहस्थांच्या हे ताबडतोब ध्यानात आले. ३ मे रोजी त्यांनी एक काळी प्लास्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली. तिच्यात एक वही, एक पेन्सिल आणि काही भेटवस्तू होत्या. तिचे अक्षांश-रेखांश त्यांनी संगणकजालावर जाहीर केले: ४५ अंश १७.४६० मिनिटे उत्तर, १२२ अंश २४.८०० मिनिटे पश्चिम. तीन दिवसांत ती सापडली. लपवाछपवीचा हौशी खेळ काही नवा नव्हता. इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळावर १८५४ पासून वाटसरू एका बाटलीत आपल्या नावाची कार्डे टाकून येत. पण ती बाटली वाट विचारत शोधावी लागे. इथे मात्र जग नुसत्या आकड्यांवर भरवसा ठेवून निघाले होते. आज त्या जागी एक स्मृतिफलक आहे.

आमच्या कोड्यात एक खोटही आहे, ती चाणाक्ष विद्यार्थ्यांनी पकडावी. अल्मर यांनी मिनिटाचे तीन दशांश दिले होते. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण १.८५ मीटर आणि त्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम १.३ मीटर. आम्ही वेळ दिली ती सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत, आणि ०.१ सेकंद म्हणजे तिथे पूर्व-पश्चिम तब्बल ३३ मीटर. तेव्हा आमच्या कोड्यातून २४.८ मिळते, २४.८०० मिळत नाही. शून्ये आपल्या मनाने जोडणे म्हणजे न मोजलेली अचूकता मोजली असे सांगणे. सिलीच्या खडकांजवळ बुडालेल्या जहाजांवरही अधिकाऱ्यांकडे आपल्या जागेचा आकडा होता. आकड्याभोवतीच्या वर्तुळाचा विचार उणा पडला.

हे वर्गाला हाताने करून पाहता येते. पटांगणात एक सरळ काठी ओळंब्यात उभी रोवा आणि तिच्या बुंध्याभोवती एक वर्तुळ आखा. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला आत येताना शिवते ती वेळ आणि दुपारी बाहेर जाताना शिवते ती वेळ, आकाशवाणीवरून लावलेल्या घड्याळात टिपा. दोन्हींच्या मधली वेळ म्हणजे स्थानिक माध्यान्ह. सूर्याच्या असमान गतीची दुरुस्ती १५ एप्रिल आणि २५ डिसेंबरच्या सुमारास जवळजवळ शून्य असते, म्हणून त्या दिवसांत प्रयोग करावा. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व या रेखावृत्ताची आहे. पुण्याचा रेखांश ७३ अंश ५१ मिनिटे. फरक ८.६५ अंश, म्हणून तिथे माध्यान्ह १२ वाजून ३४-३५ मिनिटांनी यायला हवे.

तुमच्या वर्गाची वेळ एका मिनिटाने चुकली तर रेखांश पाव अंशाने, म्हणजे पुण्याजवळ सुमारे २६ किलोमीटरांनी चुकेल. उत्तर फळ्यावर लिहिताना हे २६ किलोमीटरही शेजारी लिहायला लावावे. काठी आणि आकाशवाणी यांच्या मदतीने काढलेले ते वर्तुळ १७१४ च्या बक्षिसाच्या अर्ध्या अंशात आरामात बसते, हे मुलांना सांगितले की पुढचा तास आपोआप रंगतो.